आकडा सांगायचा, लपवायचा नाही!



माणूस रुग्णालयात जातो तो बरा व्हायला. पण कधी कधी जुनं दुखणं बरं होता होता तिथेच नवं दुखणं चिकटतं. ऑपरेशनची जखम पिकते, नाहीतर शिरेत घातलेल्या नळीवाटे जंतू रक्तात शिरतात. याला रुग्णालयात होणारा संसर्ग म्हणतात.

असं किती जणांना होतं? पूर्वी अमेरिकेत हा आकडा बहुधा रुग्णालयाच्या भिंतींआडच राहायचा. तो लोकांना सांगायची सक्ती नव्हती. तिथे आरोग्याचे बरेच कायदे प्रत्येक राज्य आपापले करतं. २००३ साली इलिनॉय राज्याने कायदा केला, की रुग्णालयांनी संसर्गाचे आकडे कळवायचे. मग इतर राज्यंही पुढे आली. कॅलिफोर्नियात २००६ साली १५ वर्षांचा एक मुलगा नुसत्या तपासणीसाठी रुग्णालयात गेला आणि थोड्याच दिवसांत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे दगावला. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला. २००८ साली तिथे झालेला कायदा त्या मुलाच्याच नावाने ओळखला जातो.

आता पेनसिल्व्हेनियाची गोष्ट ऐका. तिथल्या रुग्णालयांनी २००४ सालचे ११,६६८ संसर्ग कळवले. २००५ सालचा आकडा आला १९,१५४! म्हणजे वर्षभरात रुग्णालयं एवढी बिघडली? छे! मधल्या काळात कळवायच्या संसर्गांची यादी वाढली होती आणि नोंदीही नीट होऊ लागल्या होत्या. थर्मामीटर लावल्यामुळे ताप चढत नाही, बरं का! अंगात असलेला ताप फक्त कळतो. २००६ साली या राज्याने प्रत्येक रुग्णालयाचं नाव घालून आकडे छापले. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य.

पण नुसता आकडा बघून चालत नाही. थोडं गणित करू या. समजा, एका मोठ्या रुग्णालयात वर्षात शिरेतल्या नळीमुळे १० जणांना संसर्ग झाला आणि एका छोट्या रुग्णालयात ४ जणांना. चांगलं कोणतं? घाई करू नका! एका रुग्णाला ५ दिवस नळी होती, तर ते झाले ५ ‘नळी-दिवस’. मोठ्या रुग्णालयात असे १०,००० दिवस भरले आणि छोट्यात २,०००. मग दर हजार दिवसांमागे मोठ्यात १ संसर्ग, छोट्यात २. पारडं फिरलं की नाही?

आणखी एक मेख आहे. जो नीट शोधतो त्याला संसर्ग जास्त सापडतात. जो शोधतच नाही त्याच्या वहीत भोपळा! मग प्रामाणिक माणसाचंच नाव खराब व्हायचं. म्हणून संसर्ग कशाला म्हणायचं याची व्याख्या सगळ्यांना एकच हवी आणि तपासणीही हवी. न्यूयॉर्क राज्यात २००५ साली असा कायदा झाला. तिथे आरोग्य खातं रुग्णालयांच्या नोंदी तपासून बघतं आणि कळवलेल्या आकड्यांशी ताडून पाहतं.

मोजून पुढे काय करायचं, ते मिशिगन राज्यात दिसलं. तिथे कायद्याची सक्ती नव्हती. १०० हून जास्त अतिदक्षता विभागांनी आपणहून एक यादी पाळली. हात धुवायचे; कातडी औषधाने पुसायची; टोपी, मास्क, झगा, हातमोजे घालून रुग्णाला निर्जंतुक चादरीने झाकायचं; जमेल तिथे जांघेतली शीर टाळायची आणि गरज संपली की नळी काढायची. एवढंच! शिवाय दर महिन्याचे संसर्ग मोजायचे. २००६ साली निकाल छापून आला. दर हजार नळी-दिवसांमागे आधी २.७ संसर्ग असायचे. हा या विभागांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांतला मधला आकडा. तीनच महिन्यांत तो शून्यावर आला!

औषध नवं नव्हतं, यंत्रही नवं नव्हतं. रोजचीच कामं न चुकता केली आणि चुकलं तर ते वहीत मांडलं. कायदा आकडा मागू शकतो, पण वहीत खरा आकडा लिहायला धीर लागतो. आणि खरा आकडा लिहिणाऱ्याला आपण लगेच नावं ठेवली, तर पुढच्या वेळी तो लिहील का? आईबाबांनाही विचारा हं!

कुणाला भेटायला रुग्णालयात गेलात, तर आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर घरीच थांबा आणि फोनवर गप्पा मारा.

बराय तर, पुढच्या आठवड्यात भेटू!