ट्रामचा कायदा आणि मेट्रोचे तिकीट

औंढा नागनाथला रेल्वेसुद्धा नाही, मग ट्राम आणि मेट्रोच्या कायद्याशी आपला संबंध काय, असे आमचेच काही कार्यकर्ते विचारतात. संबंध पोटाचा आहे. औंढा, वसमत, कळमनुरी भागातला भूमिहीन माणूस ऊसतोडीला नाहीतर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातो. मुंबईत तो घाटकोपरला, चेंबूर-गोवंडीला नातेवाइकाकडे पथारी टाकतो आणि कामासाठी साकीनाका-अंधेरी गाठतो. त्याच्या रोजच्या हजेरीतून भाड्याला किती जावेत, हे कोण ठरवते?

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी धावू लागली. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते, प्रवासी वाढले तसे ते दोन आण्यांवर आले. ७ मे १९०७ पासून ती विजेवर चालू लागली. चालवणारी कंपनी खासगीच होती, पण ती विकत घेण्याचा हक्क पालिकेकडे होता. तो बजावून ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, 'बेस्ट' मुंबईकरांच्या पालिकेची झाली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती बंद करणे शहाणपणाचे होते की नाही, हा वाद आम्ही इथे घालत नाही. ट्रामचे तिकीट वाढले तर जाब विचारायला नगरसेवक होता, एवढे लक्षात ठेवावे.

संविधानानेही हीच वाट ठेवली आहे. अनुच्छेद ३६६ मधील 'रेल्वे'च्या व्याख्येतून पालिका हद्दीतली ट्राम स्पष्ट शब्दांत वगळली आहे. सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत १३ व्या नोंदीत 'नगरपालिका ट्राम' आहे. म्हणजे शहरातली रुळावरची गाडी दिल्लीचा विषय नव्हता.

पुढे काय झाले ते घाटकोपरकरांना विचारा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो आधी १८८६ च्या ट्राम कायद्याखाली हाती घेतली गेली. खासगी कंपनीशी करार झाला, त्यात भाडे ठरले. नंतर तिला केंद्राचा २००२ चा मेट्रो कायदा लागू झाला. या कायद्याचे कलम ३३ सांगते की, पहिले भाडे मेट्रोचे प्रशासन स्वतःच ठरवू शकते. ८ जून २०१४ रोजी गाडी सुरू झाली तेव्हा एमएमआरडीए म्हणत होती ९ ते १३ रुपये, कंपनी म्हणत होती १० ते ४०. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि कंपनीचे भाडे रोखण्यात सरकारी बाजूला यश आले नाही. रूळ तेच, डबे तेच. कायद्याचे नाव बदलले आणि मजुराचा खिसा उघडा पडला!

जुलै २०१५ मध्ये भाडेनिश्चिती समितीने ११० रुपयांपर्यंत भाड्याची शिफारस केली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून लोक वाचले. पण दर वेळी कोर्टच वाचवील या भरवशावर राहता येत नाही. कोर्टाची पायरी चढायला वेळ लागतो, पैसा लागतो. दिवस बुडवून तारखेला कोण येणार?

ही समिती कोणाची, तेही वाचकांनी पाहावे. कलम ३४ प्रमाणे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, एक सदस्य केंद्राने नेमलेला, एक राज्याने. प्रवाशांचा प्रतिनिधी नाही. पालिकेचाही नाही. आणि या समितीची शिफारस मेट्रोवर बंधनकारक! जो रोज लोंबकळत प्रवास करतो, त्याचे म्हणणे तिथे मांडणार कोण?

तोट्याचे रडगाणे आम्हालाही माहीत आहे. वीज, देखभाल, पगार यांना पैसा लागतोच. तो कुठूनतरी आणावाच लागेल. पण आपल्या लाल परीचे बघा. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट झाले आणि औंढ्याच्या स्टँडवर बाजाराला, दवाखान्याला निघालेल्या आयाबाया दिसू लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा लोकांनी परिवहन मंत्र्याला धारेवर धरले. शिव्या द्यायला तरी माणूस समोर होता.

आता मेट्रोलाइट, मेट्रोनिओ अशी नवी नावे घेऊन हलकी रेल्वे मध्यम शहरांत आणण्याच्या योजना आहेत. आपल्याकडच्या वकिलांनी उद्घाटनाच्या फिती मोजत बसू नये. करारावर सह्या होण्याआधी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: कोणता कायदा लागू होणार, भाड्याचा तक्ता कोणाच्या हातात राहणार, आणि कंपनीने अंग काढले तर गाडी पालिकेकडे कोणत्या किमतीत येणार.