बांधावरची जास्वंद

जास्वंद नाहीं असें शेतकऱ्याचें घर क्वचितच आढळेल. गणपतीच्या पूजेस तांबडें फूल लागतें, म्हणून कोणीतरी विहिरीजवळ किंवा बांधावर एक फांदी खोंचतो. ती फुटते, आणि तेथेंच तिची काळजी संपते. पीकपाहणींत तिची नोंद नाहीं, घरच्या जमाखर्चांत तिचें खातें नाहीं. आमच्या मतें ही उपेक्षा आतां महाग पडूं लागली आहे.

जास्वंद ही कपाशी, भेंडी व अंबाडी यांच्याच कुळांतील. पिठ्या ढेकूण या किडीस ती फार मानवते. तिच्यावर पोसलेला गुलाबी ढेकूण द्राक्षबागेंतहि शिरतो. वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटांत १९९४ सालीं हाच ढेकूण प्रकट झाला आणि जास्वंदीबरोबर इतर झाडांचीहि मोठी हानि झाली.

मग जास्वंद उपटावी काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. ढेकणास इतर आश्रय पुष्कळ आहेत; परंतु जास्वंदीचे शेंडे आखडून गुच्छासारखे झाले कीं कीड आल्याची वर्दी डोळ्यांस सहज मिळते. निगा राखली तर ती बागेची राखणदारच होय.

निगाहि फारशी अवघड नाहीं. जागा उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. चुनखडीच्या जमिनींत शिरा हिरव्या राहून पानें पिवळीं पडतात, कारण तेथें झाडास लोह घेतां येत नाहीं. अशा ठिकाणीं शेणखत भरपूर घालावें. फूल नव्या फुटीवर येतें, यासाठीं थंडी ओसरल्यावर छाटणी करावी. आखडलेले शेंडे कापून जाळावे, बांधावर टाकूं नयेत. मुंग्या गोड चिकट्यासाठीं ढेकणांचें रक्षण करितात, म्हणून बुंध्यावर त्यांची रांग दिसतांच तिचा बंदोबस्त करावा.

औषध फवारण्यापूर्वीं मात्र नीट पाहावें. १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतून आपल्या देशांत आणलेला क्रिप्टोलिमस नांवाचा ढालकिडा हे ढेकूण खातो. त्याची अळी ढेकणासारखीच पांढरी व लोंकरी दिसते. पण ती मोठी व चपळ असते. शत्रु समजून तिलाच मारणें म्हणजे स्वतःचें नुकसान करून घेणें होय.

आठवड्यांतून एकदां नजर व वर्षांतून एकदां छाटणी एवढेंहि ज्यांस जमणार नाहीं, त्यांनीं द्राक्षाच्या वा कपाशीच्या बांधावर जास्वंद लावूंच नये. पूजेचें फूल शेजाऱ्याकडून मागून आणावें.