चिनी वैद्यक आणि ‘उपयोग नाही’ असे सांगणारी चाचणी

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधील एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघात झालेले १,६४८ रुग्ण, २६ रुग्णालये. निम्म्या रुग्णांना ‘झोंगफेंग शिंगनाओ’ हे वनस्पतींपासून केलेले पारंपरिक चिनी औषध २८ दिवस देण्यात आले. उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण औषधी गुण नसलेले द्रव. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नाही. तीन महिन्यांनी दोन्ही गटांतील रुग्णांची चालण्याबोलण्याची, स्वतःचे काम स्वतः करण्याची क्षमता तपासली, तेव्हा दोहोंत फरक आढळला नाही. औषधाचा उपयोग झाला नव्हता.

या चाचणीत सिडनीच्या जॉर्ज इन्स्टिट्यूटचा सहभाग होता, परंतु तिचे मुख्य स्थान होते ग्वांगडोंग प्रांतातील चिनी वैद्यकाचे रुग्णालय. पारंपरिक वैद्यक हीच ज्या संस्थेची ओळख, तिनेच पारंपरिक औषध कसोटीला लावले आणि ते कसोटीला उतरले नाही हे जगातील अग्रगण्य नियतकालिकात छापून आणले. गेल्या काही वर्षांत चीनने वैद्यक संशोधनात जे मिळवले, त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा हीच असावी. भारतात मात्र चिनी वैद्यकाची चर्चा होते ती ‘बघा, त्यांनी आपली परंपरा जगाला पटवून दिली’ या सुरात, नाहीतर ‘चिनी संशोधन म्हणजे सारे बनावट’ या सुरात. दोन्ही सूर या शोधनिबंधाशी जुळत नाहीत.

दुसरा सूर अगदी निराधार आहे असे नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष तपासले. चीनमध्ये झालेली ॲक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वी ठरलेली होती. ॲक्युपंक्चर सोडून इतर उपचारांच्या चाचण्यांतही चीनमधील यशाचे प्रमाण ९९ टक्के होते. इंग्लंडमध्ये ते ७५ टक्के होते.

९९ टक्के हा आकडा ऐकून आनंद न होता शंका का यावी, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकदा कागदावर मांडून पाहावे. एखादा उपचार खरोखर गुणकारी आहे असे धरा. सुनियोजित चाचणीतही तो गुण नजरेस पडण्याची शक्यता सामान्यतः ८० टक्के ठेवली जाते, कारण त्याहून अधिक खात्री हवी असेल तर रुग्णांची संख्या फार वाढवावी लागते. म्हणजे खऱ्या औषधाच्याही पाचांपैकी एका चाचणीत अपयश दिसायला हवे. अशा वीस चाचण्या ओळीने यशस्वी होण्याची शक्यता ०.८ चा विसावा घात, म्हणजे सुमारे एक टक्का. याचा अर्थ असा की अपयशी चाचण्या कुठे तरी कपाटात बंद आहेत, किंवा ‘यादृच्छिक’ म्हणवणाऱ्या चाचण्या यादृच्छिक नव्हत्या, किंवा आकडेच रचलेले आहेत. उपचार निरुपयोगी आहे असे यावरून सिद्ध होत नाही. पण तो उपयोगी आहे की नाही हे सांगण्याची त्या संशोधनाची पात्रताच संपते, आणि हे नुकसान अधिक गंभीर आहे.

ॲक्युपंक्चरची अडचण तर आणखी मूलभूत आहे. गोळीची प्रतिकृती करता येते. टोचलेल्या सुईची कशी करणार? १९९८ मध्येच जर्मनीतील संशोधकांनी एक युक्ती काढली. नाटकातला सुरा जसा मुठीत शिरतो आणि प्रेक्षकांना तो छातीत घुसल्याचा भास होतो, तशी बोथट टोकाची, दाबताच दांडीत सरकणारी सुई. त्वचेला तिचा स्पर्श जाणवतो, पण ती आत जात नाही. रुग्णाला फसवता येते. सुई लावणाऱ्याला मात्र आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असते. आणि त्वचेवरचा तो स्पर्शसुद्धा मज्जासंस्थेच्या दृष्टीने शून्य नसतोच. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरणाचा स्वतःचा परिणाम वजा करता येतो. येथे उपकरण म्हणजे दोन माणसे आणि त्यांच्या परस्परांकडून असलेल्या अपेक्षा.

म्हणून सुई टोचल्याने शरीरात काही घडते का, आणि त्याने रुग्ण बरा होतो का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. बीजिंगचे हान जीशेंग यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सुई टोचलेल्या सशाच्या मेंदूभोवतीचे द्रव दुसऱ्या सशाला दिले आणि त्या दुसऱ्याचीही वेदना सोसण्याची क्षमता वाढल्याचे दाखवले. पुढे त्यांनी असेही दाखवले की सुईतून सेकंदाला २ स्पंदने असलेला विद्युतप्रवाह सोडला तर एक प्रकारची आणि १०० स्पंदनांचा सोडला तर दुसऱ्या प्रकारची वेदनाशामक द्रव्ये शरीरात स्रवतात. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये हार्वर्डचे मा च्यूफू आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगात याहून नेमके उत्तर दिले. मागच्या पायातील ठरावीक बिंदूला मंद प्रवाह दिल्यास एका विशिष्ट जातीच्या चेतापेशींमार्फत संदेश जातो, अधिवृक्क ग्रंथी उद्दीपित होते आणि दाह कमी होतो. पोटावर तोच प्रवाह दिला तर हा परिणाम होत नाही, कारण त्या चेतापेशींचे जाळे तेथे विरळ आहे. हे उत्तम विज्ञान आहे. त्यात ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीला किंवा तिच्या वाहिन्यांना मात्र कोठेही जागा लागलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सुखद नाही. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी ‘कॉक्रेन’ने २०१६ मध्ये ३१ चाचण्या आणि २,२५७ रुग्णांची माहिती एकत्र केली. सुधारणेच्या काही खुणा होत्या, पण बहुतेक पुरावा इतका कच्चा होता की त्यावरून निश्चित काही म्हणता येईना. एकतीस चाचण्या करूनही हाती अनिश्चितताच. त्यात सहभागी झालेल्या रुग्णांनी दिलेला वेळ आणि विश्वास पाहता ही उधळपट्टीच म्हणावी लागते.

चीनमधील बदल नेमका याच ठिकाणी दिसतो. २०१५ च्या जुलैत तेथील औषध नियंत्रकांनी मंजुरीसाठी आलेल्या १,६२२ अर्जांमागील चाचण्यांची आकडेवारी पुन्हा तपासण्याचा आदेश काढला. पडताळणीची वेळ येताच बहुसंख्य अर्ज अर्जदारांनीच मागे घेतले. दोन वर्षांनी ‘जामा’मध्ये चीनमधील एक हजार स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. बीजकोशांच्या विकारामुळे मूल न होणाऱ्या या स्त्रियांना ॲक्युपंक्चरने लाभ होत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्याच नियतकालिकात त्याच महिन्यात ५०४ चिनी स्त्रियांवरील दुसरी चाचणी आली. लघवीवरील ताबा सुटण्याच्या त्रासात मात्र विद्युत-ॲक्युपंक्चरने फरक पडतो, असे तिने दाखवले. एक ‘नाही’ आणि एक ‘हो’. ज्याने पहिले प्रामाणिकपणे छापले, त्याच्या दुसऱ्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

सारे काही निर्मळ झाले आहे, असे मुळीच नाही. २०१७ मध्ये कर्करोगविषयक एका नियतकालिकाला चिनी लेखकांचे १०७ निबंध एकदम मागे घ्यावे लागले. २०२० मध्ये बीजिंग शहराच्या एका नियमावलीच्या मसुद्यात पारंपरिक वैद्यकाची ‘बदनामी’ करणाऱ्यांना शिक्षेची तरतूद होती आणि तिच्यावर चीनमध्येच टीका झाली. २०२३ मध्ये ‘टोंगशिनलुओ’ या औषधाने हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे गंभीर प्रसंग महिन्याभरात ५.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आणल्याचा निष्कर्ष ३,७७७ रुग्णांवरील चाचणीतून आला. या औषधात विंचू, जळू, गोम असे घटक आहेत. नाक मुरडण्याचे ते कारण नव्हे. पण चीनबाहेरच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे पडताळल्यावाचून तो निष्कर्ष स्वीकारण्याचीही घाई नको.

मेंदूच्या विकारांत चीनने जगाची उपचारपद्धती बदलली ती सुईने नव्हे, तर मोठ्या आणि साध्या प्रश्नांनी. बीजिंगच्या तिआनतान रुग्णालयाने ११४ केंद्रांतील ५,१७० रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सौम्य पक्षाघातानंतर चोवीस तासांच्या आत ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल दिल्यास ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर येते, असे दिसले. दोन्ही औषधे जुनी. पुढे अमेरिकी चाचणीनेही तीच दिशा दाखवली, आणि आज अनेक देशांत हा उपचार रूढ आहे.

याहून विलक्षण कथा रुग्णवाहिकेची आहे. पक्षाघाताचा संशय असलेल्या २,४०४ चिनी रुग्णांपैकी निम्म्यांचा रक्तदाब रुग्णवाहिकेतच औषधाने उतरवण्यात आला. २०२४ मध्ये आलेला एकंदर निष्कर्ष: फरक नाही. पण रुग्णालयात सीटी स्कॅन झाल्यावर रुग्णांची दोन भागांत वर्गवारी झाली, तेव्हा त्या शून्याच्या पोटात दोन विरुद्ध परिणाम दडलेले आढळले. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना लाभ झाला होता, आणि गुठळी अडकलेल्यांना अपाय. बाहेरून दोघांची लक्षणे सारखीच: वाकडे तोंड, लुळा हात, अडखळती वाणी. क्ष-किरणांनी कवटीच्या आत पाहिल्याखेरीज कोणता उपचार जीवदान देईल आणि कोणता घात करील, हे निष्णात डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही.

तेव्हा तातडीच्या सेवेत कोणते उपकरण हवे, या प्रश्नाचे उत्तर एका चाचणीच्या ‘अपयशा’नेच दिले. सीटी स्कॅनर बसवलेल्या रुग्णवाहिकेची कल्पना मूळची जर्मनीची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) आसाममध्ये ती राबवली असून, पक्षाघातावरील उपचार मिळायला जेथे सुमारे चोवीस तास लागत तेथे आता सुमारे दोन तास लागतात, असे परिषदेने सांगितले आहे. चहाच्या मळ्यांच्या, नदीपात्रांनी तुटलेल्या त्या प्रदेशात हे साधत असेल, तर गडचिरोली किंवा बस्तरमध्ये ते अशक्य म्हणता येणार नाही.

भारताला ‘नाही’ म्हणता येत नाही, असेही नाही. पक्षाघातानंतर घरच्यांनाच व्यायाम शिकवून पुनर्वसन साधेल का, हे १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तपासणाऱ्या भारतीय चाचणीने २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वच्छ नकार नोंदवला. अस्थिमज्जेतील पेशी टोचून पक्षाघात बरा होतो का, याचेही उत्तर २०१४ मध्ये भारतीय संशोधकांनीच ‘नाही’ असे दिले. हा प्रामाणिकपणा आयुष मंत्रालयाच्या छत्राखालील उपचारांच्या वाट्याला अद्याप पुरेसा आलेला नाही. तेथे हजारो रुग्णांच्या, अनेक केंद्रांच्या चाचण्या विरळ आणि लहान यशांच्या घोषणा मुबलक.

ॲक्युपंक्चरही आता भारताला परके राहिलेले नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसोबत १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे ही विद्या शिकून कोलकात्यात आणली. आज महाराष्ट्रात तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. मान्यता मिळाली; पुराव्याची मागणी त्याच तत्परतेने कोणी केल्याचे दिसत नाही.

देशात होणाऱ्या चाचण्यांची नोंद ठेवणारी सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे, आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. चाचणी कोणत्या वर्षी नोंदली, किती रुग्ण घ्यायचे ठरले होते, काय मोजायचे ठरले होते, हे सारे त्यात सापडते. एखाद्या महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी दहा वर्षांपूर्वी नोंदलेल्या आयुर्वेद, होमिओपॅथी आणि ॲक्युपंक्चरच्या चाचण्या काढाव्यात, त्यांतील किती छापून आल्या ते शोधावे, आणि छापलेल्यांपैकी किती ‘उपयोग झाला नाही’ असे म्हणतात ते मोजावे. एका उन्हाळी सुट्टीचे काम आहे.