‘नोटीस दिली होती’

मृगाचा पाऊस तोंडावर आला म्हणजे मुंबई महानगरपालिका व म्हाडा यांच्याकडून धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात, हा क्रम आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडला आहे. पुढें श्रावणाच्या सुमारास एखादी इमारत कोसळते, मंत्री तेथें धांव घेतात, मृतांच्या वारसांस मदत जाहीर होते, आणि दुसऱ्या दिवशीं अधिकारीवर्गाकडून ठराविक उत्तर ऐकूं येतें कीं, नोटीस दिली होती, रहिवासीच हलले नाहींत. या उत्तराचा समाचार घेण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

नोटीस दिली, हें खरें मानूं. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४ अन्वयें मोडकळीस आलेलें घर रिकामें करवून पाडविण्याचा अधिकार पालिकेस आहे. परंतु नोटीस हातीं पडल्यावर भाडेकरूनें जावयाचें कोठें? संक्रमण शिबिरांत जागा मिळालीच तर ती बहुधा दूर उपनगरांत. आणि मुलांची शाळा, बापाचा धंदा, आई ज्या चार घरीं स्वयंपाक करते तीं घरें, सारें येथें. थोड्या काळासाठीं म्हणून शिबिरांत गेलेलीं आणि तेथेंच नातवंडांचीं तोंडें पाहिलेलीं कुटुंबें या शहरांत थोडीं नाहींत. घर सोडल्यानें हक्क जात नाहीं, असें वकील सांगतात. पण तो हक्क शाबीत करण्यांत हयात जाते, हें त्यानें शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावरून ताडलेलें असतें. म्हणून तो लांकडी टेकूंच्या भरंवशावर वरच्या मजल्यावर झोंपतो. त्यास अडाणी म्हणणाऱ्यांनीं एकदां त्याच्या जागीं बसून हिशेब मांडून पाहावा. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत पडून ३३ माणसें गेलीं. ती धोकादायक आहे हें सरकारदरबारीं कित्येक वर्षें ठाऊक होतें.

बरें, जुन्या चाळींपुरता हा युक्तिवाद मान्य केला, तरी बाबू गेनू मंडईच्या इमारतीचें काय? २७ सप्टेंबर २०१३ रोजीं माझगांवांतील ही इमारत पडून ६१ जीव गेले. मालक पालिका, राहणारे पालिकेचेच नोकर, तळमजला भाड्यानें देणारी पालिका, आणि तेथें कोणी फेरफार करतो कीं काय हें पाहावयाचें तेंहि पालिकेनेंच! येथें नोटीस कोणीं कोणास द्यावयाची होती? त्याच सालीं ४ एप्रिल रोजीं मुंब्र्यानजीक शीळफाट्यावर ७४ माणसें गाडलीं गेलीं. ती इमारत तर जुनीहि नव्हती. परवान्यावांचून मजल्यावर मजला चढत असतां, बांधकाम पुरें होण्यापूर्वींच ती बसली. हे मजले रस्त्यानें जाणाऱ्या पोरासहि दिसत होते. पुढें ठाणें महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाहि अटक झाली, यावरून काय तें वाचकांनीं समजावें.

रहिवाशांच्या पदरचा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. सज्जा आंत घ्यावयाचा, भिंत काढून दिवाणखाना वाढवावयाचा, आणि खालच्या दुकानदारानें खांबास छिन्नी लावली तरी वाईटपणा कोणीं घ्यावा म्हणून कानाडोळा करावयाचा, ही आपली रीत. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपरची साईदर्शन इमारत पडून १७ जण मेले. तिच्या तळमजल्यावरील शुश्रूषागृहांत तेव्हां फेरफार चालूं होते. मात्र जो तक्रार करतो त्याची गत काय होते? आमच्याच आळींत एका गृहस्थानें सकाळीं अर्ज दिला. संध्याकाळीं ज्याच्याविरुद्ध तो होता तोच मनुष्य अर्जाची नक्कल घेऊन त्यांच्या दारीं उभा राहिला. तेव्हांपासून आळींत कोणी अर्ज केल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणि शिक्षा म्हणावी, तर २०१७ सालीं ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतचीं अनधिकृत बांधकामें दंड घेऊन नियमित करण्याची सोय शासनानें कायद्यांतच करून ठेविली. नकाशा मंजूर करून घेण्यासाठीं ज्यानें कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, तो मूर्ख ठरला.

आमचें मागणें मोठें नाहीं. यादींत प्रत्येक इमारतीपुढें तेथील कुटुंबांस कोठें व किती मुदतीसाठीं जागा दिली, तें छापावें. ज्या अभियंत्यानें तळमजल्यावरील फेरफारास मंजुरी दिली, किंवा चालूं काम पाहून रोखलें नाहीं, त्याचें नांव इमारतीच्या दारावर लावावें. पुढील मृगापूर्वीं एवढें झालें, तर नोटिशीविषयीं आम्ही पुन्हा बोलूं.