दोन चिन्हांमधले अंतर

संगणकाच्या पडद्यावरील दोन चिन्हांमध्ये किती जागा सुटावी, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी गांभीर्याने घ्यावा असे आम्ही अलीकडे एका बैठकीत सुचवले, तेव्हा उपस्थितांच्या चेहऱ्यांवर उमटलेले स्मित आमच्या चांगलेच परिचयाचे होते. ज्या कामासाठी प्रयोगशाळा साहाय्यकाला हाक मारायची, त्यावर साहित्याच्या अभ्यासकांनी वेळ दवडणे हा पोरकटपणा, असा त्याचा अर्थ. त्याच बैठकीत आधीचा तासभर 'भाषा आणि सत्ता' या विषयावर गंभीर चर्चा झाली होती. प्रस्तुत टिपण हे त्या स्मिताला दिलेले उत्तर आहे.

प्रसंग साधा आहे. नाशिकमध्ये आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवतो, तेथील ग्रंथालयातल्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवण्यात आले. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी मोठ्या हौसेने आपल्या लघुप्रबंधांचे फोल्डर मराठी नावांनी तयार केले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो 'कुसुमाग्रजांच्या कवितेतील प्रतिमासृष्टी' आणि 'कुसुमाग्रजांच्या नाटकांतील संघर्ष' हे दोन्ही फोल्डर पडद्यावर 'कुसुमाग्रजांच्या...' एवढेच उरलेले. कुठे रफार वरून छाटला गेलेला, कुठे उकार खालच्या चिन्हावर आदळलेला. तक्रार केली तेव्हा उपाय तत्काळ मिळाला : नावे इंग्रजीत द्या. आठवडाभरात एकूण एक फोल्डर रोमन लिपीत गेला. एका विद्यार्थिनीने आम्हाला शांतपणे विचारले, "सर, म्हणजे उत्तरपत्रिका मराठीत लिहायची आणि काम इंग्रजीत करायचे, असेच ना?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हे असे का होते, ते समजून घेणे मुळीच अवघड नाही. रोमन अक्षर आधाररेषेवर उभे असते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि 'द्ध', 'ट्ठ' यांसारखी उतरंडीची जोडाक्षरे. त्यामुळे त्याच मापात देवनागरीला अधिक उंची लागते. चिन्हाखालच्या नावाची चौकट रोमन अक्षरांच्या मापाने आखली, की काय कापले जाणार हे आधीच ठरून गेलेले असते. थीम म्हणजे रंगांची सजावट, असा आपला गैरसमज आहे. कोणत्या लिपीला किती जागा, याचा निर्णय थीममध्ये झालेला असतो.

ग्नोम या डेस्कटॉपचेच उदाहरण घ्या. त्याच्या मूळ थीमचे नाव 'अद्वैत' आहे. मार्च २०२५ मधील ४८ व्या आवृत्तीपासून त्याच नावाचा 'अद्वैत सॅन्स' हा फॉन्ट तेथे वापरला जातो. नाव संस्कृत, पण त्या फॉन्टमध्ये देवनागरीचे एकही अक्षर नाही. त्याआधीच्या 'कान्तारेल' फॉन्टमध्येही नव्हते. मराठी मजकूर आला की यंत्रणा दुसरा फॉन्ट शोधून आणते आणि पाहुण्याला मिळेल त्या जागेत बसवते. ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' शिकवणाऱ्यांना या अद्वैतातले द्वैत दिसू नये, हे नवलच म्हणायचे.

'ल' आणि 'श' यांची कथाही अशीच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीच्या 'ल'चा व देठाच्या 'श'चा पुन्हा आग्रह धरला. आपण त्यावर चर्चासत्रे घेतली. परंतु अनेक मुक्त फॉन्टमध्ये ही मराठी वळणे आधीपासूनच आहेत, आणि संगणकाची भाषा 'मराठी' अशी निवडलेली असेल तरच ती प्रकट होतात, हे किती जणांनी तपासून पाहिले? भाषा 'इंग्रजी' ठेवायची आणि पडद्यावर हिंदी वळणाचा 'ल' दिसला की अस्मितेच्या नावाने हळहळायचे, हा आपला परिपाठ झाला आहे.

येथे आमचा रोष यंत्रावर नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. ज्या मापाने आपली अक्षरे छाटली ते माप लिनक्समध्ये बदलता येते. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर चिन्हाखालच्या नावाची रुंदी अरुंद, मध्यम किंवा रुंद ठेवता येते आणि नावाला किती ओळी द्यायच्या तेही सांगता येते. एक्सएफसीईमध्ये चिन्हांचा आकार आणि नावाच्या अक्षरांचे माप सेटिंग्जमध्ये मिळते. चिन्हांमधले अंतर आणि नावाची रुंदी जीटीकेच्या सीएसएस फायलीत चार ओळी लिहून वाढवता येते. ग्रंथालयातल्या संगणकांवर आम्ही अखेर हेच केले. एका यंत्राला अर्धा तासही लागला नाही. कापलेली कवितेतील प्रतिमासृष्टी आणि नाटकांतला संघर्ष, दोन्ही परत आले. जे अर्ध्या तासात होण्यासारखे होते ते वर्षभर झाले नाही, याला तंत्रज्ञान जबाबदार नाही. मराठीचा विभाग जबाबदार आहे, म्हणजे आम्हीच.

अक्षर आणि यंत्र यांच्यातील प्रश्न साहित्यबाह्य आहे, असे मानण्याची आपली परंपराही नाही. जावजी दादाजींनी निर्णयसागरसाठी खिळे पाडले, तेव्हा मात्रा आणि उकार यांना जागा कशी द्यायची, याच प्रश्नाशी ते झुंजत होते. नाशिकजवळच्या भगूरच्या सावरकरांनी 'अ'ची बाराखडी मांडली ती लिपी यंत्राला सोयीची व्हावी म्हणूनच. ती पटो वा न पटो, यंत्राचा विचार लेखकाने करायचा असतो हे त्यांनी गृहीत धरले होते. आणि र. कृ. जोशी? कवी आणि सुलेखनकार असलेल्या या माणसाने विंडोजमधील 'मंगल' हा फॉन्ट घडवला आणि 'रघू' हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली लिनक्सच्या वापरकर्त्यांना खुला झाला. त्यांची कविता आपण दृश्यकवितेच्या टिपणात दोन ओळींत उरकतो. त्यांची अक्षरे रोज वाचतो आणि कोणाची आहेत हे विसरतो.

केरळमध्ये काय घडले ते पाहू. १९७१ मध्ये टंकलेखन यंत्राच्या आणि छपाईच्या सोयीसाठी तेथील शासनाने मल्याळम लिपीतील अनेक जोडाक्षरे मोडली. संगणकाला ही मोडतोड आवश्यकच नाही, हे ओळखून १९९९ मध्ये 'रचना' चळवळ उभी राहिली. तिचे अध्वर्यू आर. चित्रजकुमार हे भाषेचे अभ्यासक, तर फॉन्ट घडवणारे के. एच. हुसेन हे ग्रंथपाल. २००२ पासून 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या गटाने ते काम मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पुढे नेले. केरळच्या शाळांतली मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्याकडे ग्नोमच्या मराठी अनुवादाचा मोठा भाग पुण्यात रेड हॅट कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्यांनी केला. मराठीच्या प्राध्यापकांचे त्यातले योगदान काय? त्यांच्या शब्दनिवडीवर स्टाफरूममध्ये हसणे.

"पण मराठीत डेस्कटॉप वापरतोच कोण?" हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. ज्या वाटेवर काटे टाकून ठेवले आहेत तिच्यावरून कोणी जात नाही, म्हणून वाटच नको, असा हा युक्तिवाद आहे. दुसरा आक्षेप असा, की हे शासनाने करावे. शासनाने निर्णय काढले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. कोणताही शासन निर्णय आपल्या ग्रंथालयात येऊन चिन्हांमधले अंतर वाढवून देणार नाही.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या ताब्यातील संगणकांची भाषा मराठी करावी. अक्षरे कापली जाणार नाहीत अशी मापे लावून घ्यावीत. जे सुधारता येत नाही त्याचा दोष-अहवाल संबंधित प्रकल्पाकडे पाठवावा. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो कोणालाही पाठवता येतो. आणि हे काम साहाय्यकावर न सोपवता विद्यार्थ्यांना सोबत घेऊन करावे, कारण लिपीचा याहून जिवंत पाठ आम्हाला ठाऊक नाही. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घालण्यापूर्वी त्यांच्या नावाचा फोल्डर पडद्यावर पूर्ण वाचता येतो का, एवढे तरी पाहून घ्यावे. त्या विद्यार्थिनीला आम्हाला अजून उत्तर द्यायचे आहे.