सांबऱ्याला चाललं, म्हणून...

मुलं परदेशी असलेल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येते : ‘सांबऱ्याला कोणी अडवलं नाही, मग पुढं कशाला अडवतील?’ थोडक्यात, ‘नडीतैति, बिडरी!’ पण विमानतळ बदलला की नियमही बदलतो.

ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीत १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली नको, असा दंडक बहुतेक देशांनी घातला. मोजतात ती बाटली, आतला ऐवज नव्हे. तळाला दोन चमचे तूप उरलेली मोठी बरणीही तिथेच राहते. लोणचेही द्रवातच धरतात. ब्रिटनमधील काही विमानतळांनी नवी यंत्रे बसवून ही मर्यादा २ लिटरवर नेली. पण परतीच्या वाटेवर जुनाच नियम भेटू शकतो. अमेरिकेने बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठवली. तिथे साधा लायटर खिशात चालतो, आपल्याकडे नाही.

सर्वांत घातक समज औषधांचा. १०० मिलिलीटरच्या धास्तीने काही ज्येष्ठ मंडळी इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकतात. तिथे ते गोठून निकामी होऊ शकते, बॅगच हरवली तर पंचाईत वेगळीच. प्रवासापुरत्या औषधांना या मर्यादेतून सूट असते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि तपासणीआधीच सांगा. आईबाबांची बॅग भरताना लोणच्याआधी एवढे बघाच.