माझे खोटे उपवास

गेल्या वर्षी वसतिगृहात मी आठवड्याला तीन उपवास धरीत होते. सोमवार, गुरुवार, शनिवार. मध्ये एकादशी आली तर तीही. खानावळीच्या मावशींना माझे मोठे कौतुक. "पोर देवाची आहे," म्हणायच्या. देवाचा यात काडीचाही संबंध नव्हता. मला मोबाईलवरच्या रीलमधल्या मुलींसारखी कंबर हवी होती, आणि न जेवायला उपवासाइतके सभ्य कारण आपल्याकडे दुसरे नाही. साबुदाण्याची खिचडी मी शेजारणीच्या ताटात सरकवीत असे.

हे खूळ श्रीमंतांच्या मुलींचे, असे आपल्याकडे समजतात. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तीही बारीकच आहे, पण तसल्या बारीकपणाचे फोटो कोणी काढीत नाही. दिवाळीत घरी गेले तर तिने माझा दंड चाचपून विचारले, "मेसात पोटभर देत न्हाईत का गं?" तिने मजुरीतून भरलेल्या पैशांचे जेवण मी टाकते, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

सगळा दोष मोबाईलवर ढकलणेही खरे नाही. सुरुवात स्नेहसंमेलनातल्या फिशपाँडने झाली. माझ्या अंगावरून होता. सगळे हसले, मीही हसले. पण फिशपाँड एका संध्याकाळचा. मोबाईल रात्री पांघरुणातही सोबत असतो. एका फोटोवर बोट जरा रेंगाळले की तसलेच दहा पुढे येतात. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या बाईंनी फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर काढली. स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते अधिकच वाढते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. म्हणजे धंदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हांला.

कॉलेजातल्या तपासणी शिबिरात माझे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. डॉक्टरांनी विचारले, "जेवतेस ना?" मी म्हटले, "उपवास असतात." त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या मुलीला बोलावले. त्यांचे तरी काय चुकले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एवढ्या गर्दीत मुद्दाम उपाशी राहणारी कशी ओळखू यावी? ॲनोरेक्सिया हा मनाचा आजार आहे आणि त्याने माणसे मरतात, हे मला मानसशास्त्राच्या तासाला कळले. मला तो होता की नाही, हे मी ठरवू शकत नाही. म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे : वर्गातली एखादी मुलगी फार उपास करू लागली, तर तिला एकदा बाजूला घेऊन विचारा. आणि यंदा अंगावरचे फिशपाँड वाचू नका.

मी आता जेवते. अजून भाकऱ्या मोजते, पण जेवते. परवाच्या गुरुवारी ताट घेऊन गेले तेव्हा मावशींनी विचारले, "का गं, वार सोडलास?" मी "हो" म्हटले. त्यांना जरा वाईट वाटलेले दिसले.